कामराजांनी सोडलेली खुर्ची

चेन्नईत मरीना किनाऱ्याला लागून जाणाऱ्या रस्त्याचे नाव कामराजर सालै आहे. विमानतळाच्या देशांतर्गत टर्मिनलला त्यांचेच नाव आहे, गिंडीला गांधी मंडपाशेजारी त्यांचे स्मारक आहे, आणि त्यागरायनगरात तिरुमलै पिळ्ळै रस्त्यावरचे त्यांचे राहते घर सरकारने जपून ठेवले आहे. त्यांचा एक पुतळा तर ते हयात असताना, १९६१ साली, खुद्द जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते उभा राहिला. शहराने इतका मान दिलेल्या या नेत्याचा पक्ष मात्र १९६७ पासून आजवर सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सचिवालयात स्वतःचे सरकार घेऊन परतलेला नाही. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. पहिली सांगताना कामराज निःस्पृह संत होतात, दुसरी सांगताना द्रविड लाट नावाची एक नैसर्गिक आपत्ती पुढे केली जाते. या दोन्ही गोष्टींना जोडणारा दुवा २ ऑक्टोबर १९६३ च्या राजीनाम्यात आहे, असे मला वाटते. पक्ष वाचवण्यासाठी मुख्यमंत्रिपद सोडणाऱ्या कामराजांनी, निदान मद्रासपुरते, पक्षाचे होते तेवढेच बळ काढून घेतले. त्यांच्या त्यागाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्या त्यागामागचा हिशेब मात्र चुकला होता.

हा हिशेब कुठून आला हे कळायला त्यांचे आधीचे आयुष्य पाहावे लागते. १५ जुलै १९०३ रोजी विरुदुपट्टीत, म्हणजे आजच्या विरुदुनगरात, नाडार समाजातल्या एका छोट्या व्यापाऱ्याच्या घरी कामराज जन्मले. वडील लवकर गेले, शाळा बाराव्या वर्षाच्या आसपास सुटली, आणि मामाच्या कापडाच्या दुकानात बसण्याची वेळ आली. दुकानात मन रमले नाही, काँग्रेसच्या सभांत रमले. १९३० मध्ये राजाजींच्या वेदारण्यम मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले आणि पुढे तुरुंग अंगवळणीच पडला. एस. सत्यमूर्ती हे त्यांचे राजकीय गुरू. १९३६ मध्ये सत्यमूर्ती प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेव्हा चिटणीसपद कामराजांकडे आले. चारच वर्षांनी, १९४० मध्ये, राजाजींच्या उमेदवाराला अवघ्या तीन मतांनी हरवून कामराज स्वतः अध्यक्ष झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवरचे अधिवेशन आटोपून परतताना पोलीस मद्रासला वाट पाहत होते, म्हणून ते आधीच अरकोणमला उतरले. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून त्यांनी पुढच्या कामाची व्यवस्था लावली आणि मगच अटक करवून घेतली. त्यानंतरच्या बंदिवासाचा काही काळ त्यांनी आपल्या विदर्भात, अमरावतीच्या तुरुंगात काढला. त्याच तुरुंगाकडे नेले जात असताना सत्यमूर्तींना जबर इजा झाली आणि १९४३ मध्ये ते गेले. म्हणजे कामराज वाढले ते पदाविना. पक्षाचे कार्यालय, जिल्ह्यांचे दौरे आणि माणसांची ओळख एवढ्याच भांडवलावर ते मोठे झाले.

स्वातंत्र्याच्या आसपासची सहा वर्षे त्यांनी मद्रासमध्ये हीच रीत चालवली. टी. प्रकाशम, ओमंदूर रामस्वामी रेड्डियार, कुमारस्वामी राजा असे एकापाठोपाठ एक प्रमुख झाले आणि त्यांच्या येण्याजाण्यामागे प्रांतिक अध्यक्ष कामराजांचा हात होता. सरकार चालवणारे एक, सरकार ठरवणारे दुसरे. वरून पाहता ही संघटनेच्या श्रेष्ठत्वाची उत्तम साक्ष वाटते, आणि कामराजांनाही ती तशीच वाटली असणार. पण १९५२ ची निवडणूक वेगळेच सांगते. तेव्हाच्या विशाल मद्रास राज्यात काँग्रेसला ३७५ पैकी १५२ जागा मिळाल्या, बहुमत हुकले, आणि मुख्यमंत्री कुमारस्वामी राजा स्वतः पडले. तेलुगू जिल्ह्यांतला आणि मलबारमधला रोष यात मोठा होता, तमिळ जिल्ह्यांत पक्षाची स्थिती त्यामानाने बरी होती, हे खरेच. तरीही ज्या राज्यात सबंध पक्ष एका माणसाच्या मुठीत होता, तिथे सरकार बनवायला निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या राजाजींना बोलवावे लागले, तेही विधान परिषदेच्या दाराने. संघटना शाबूत असून राज्यकारभारावर लोक नाराज असतील तर काय होते, याचा हा पहिला धडा होता. तो कामराजांनी त्या अर्थाने वाचलेला दिसत नाही.

राजाजींचे सरकार १९५३ च्या शिक्षण योजनेवर फुटले. मुलांनी दिवसाचा काही वेळ शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. जातीने नेमून दिलेला धंदाच पोराच्या गळ्यात बांधण्याचा हा डाव आहे, असे पेरियार रामस्वामी आणि द्रविड चळवळीने ठणकावून सांगितले. काँग्रेसच्या आमदारांतही चुळबुळ सुरू झाली. एप्रिल १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले. नेतेपदाच्या निवडणुकीत कामराजांनी सी. सुब्रमण्यम यांना ९३ विरुद्ध ४१ मतांनी हरवले आणि १३ एप्रिलला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पुढचे पाऊल खास त्यांचे होते. हरलेल्या सुब्रमण्यमना आणि त्यांचे नाव सुचवणाऱ्या भक्तवत्सलमना त्यांनी मंत्रिमंडळात घेतले. मंत्री फक्त आठ. मंदिरांचे खाते परमेश्वरन या दलित मंत्र्याकडे दिले, म्हणजे ज्या देवळांत या समाजाला कालपरवापर्यंत पाऊल टाकू दिले जात नव्हते, तिथल्या विश्वस्तांना आता त्याच समाजातल्या मंत्र्यापुढे उभे राहावे लागले. राजाजींची शिक्षण योजना रद्द झाली. पेरियार काँग्रेसचे हाडवैरी, पण अस्सल तमिळ माणूस म्हणून कामराजांच्या पाठीशी उभे राहिले.

त्यानंतरची नऊ वर्षे ही कामराजांच्या चरित्रातली सर्वांत सकस वर्षे आहेत, आणि माझा सगळा युक्तिवाद या वर्षांच्या स्वरूपावर उभा आहे. लहान लहान वस्त्यांपर्यंत शाळा नेल्या गेल्या. शिक्षण खात्याचे संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्या साथीने १९५६ पासून दुपारच्या जेवणाची योजना राज्यभर उभी राहिली. मद्रास महापालिकेने असा प्रयोग १९२० च्या दशकातच काही शाळांत केला होता, पण राज्याच्या पातळीवर ती जबाबदारी घेण्याचे धाडस आता झाले. सुरुवातीला पैशाचा मोठा भार सरकारने उचलला आणि उरलेल्यासाठी गावाला हातभार लावायला सांगितले. शाळा सुधार परिषदा भरत, तिथे गावकरी बाक, फळा, घंटा, गणवेशाचे कापड जे जमेल ते देत, आणि मुख्यमंत्री स्वतः हजर राहत. सरकारी योजना आणि पक्षाची बांधणी यांत इथे शिवण दिसत नाही. जेवणासाठी तांदूळ देणारा गावचा मातब्बर, शाळेची जागा देणारा शेतकरी आणि काँग्रेसचा तालुक्याचा कार्यकर्ता ही बहुधा एकाच वर्तुळातली माणसे असत. साथनूर, वैगै, अमरावती, पुढे परंबिकुलम-आळियार अशी धरणे झाली. पेरंबूरला रेल्वेचा डबे बनवणारा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला, नेय्वेलीला लिग्नाइट निघू लागले, तिरुचिरापल्लीला भेल आले, गिंडी आणि अंबत्तूरला औद्योगिक वसाहती झाल्या. उद्योगमंत्री आर. वेंकटरामन यांचा यात मोठा वाटा होता. पण धरण कुठे, कालवा कुठून, वीज आधी कोणत्या भागाला, याची उत्तरे कामराजांच्या डोक्यात असत, कारण राज्यातला तालुका न् तालुका त्यांनी पायाखाली घातला होता.

म्हणूनच १९५७ आणि १९६२ चे निकाल नीट वाचायला हवेत. १९५७ मध्ये काँग्रेसला २०५ पैकी १५१ जागा मिळाल्या, पहिल्यांदाच लढणाऱ्या द्रमुकला १५. पाच वर्षांनी कामराजांनी त्या पंधरा मतदारसंघांवर नेमका नेम धरला, आणि पंधरापैकी चौदा आमदार पडले. कांचीपुरममध्ये खुद्द अण्णादुराई हरले. मतदारसंघ बदलून तंजावरला गेलेले करुणानिधी तेवढे निसटले. द्रमुकने इतरत्र मुसंडी मारून ५० जागा मिळवल्या, हे विसरता येत नाही. पण १३९ जागा आणि सुमारे ४६ टक्के मते काँग्रेसकडे होती. एका मतदारसंघात कोणत्या जातीचा, कोणत्या धंद्यातला, किती वजनाचा उमेदवार चालेल हे मुख्यमंत्री स्वतः ठरवत होते, आणि त्या उमेदवाराच्या मागे धरण, शाळा, रस्ता ही सरकारची पुण्याई उभी होती. १९५२ मध्ये सुटलेली दोन टोके इथे एका हातात आली होती. कामराजांची संघटना ही त्यांच्या राज्यकारभाराचेच दुसरे नाव होते.

आणि नेमकी हीच गाठ त्यांनी १९६३ मध्ये सोडली. चीनच्या युद्धातली नामुष्की ताजी होती. अमरोहा, फर्रुखाबाद, राजकोट या लोकसभा पोटनिवडणुका काँग्रेस हरली होती आणि कृपलानी, लोहिया, मसानी लोकसभेत येऊन बसले होते. मंत्रिपदांच्या मागे लागून पक्ष सुस्त झाला आहे, ज्येष्ठांनी पदे सोडून पक्षकार्याला वाहून घ्यावे, हा कामराजांचा प्रस्ताव नेहरूंनी उचलून धरला. १० ऑगस्टला त्यावर पक्षाचे शिक्कामोर्तब झाले. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील, गोपाळ रेड्डी, श्रीमाळी हे सहा केंद्रीय मंत्री गेले. मुख्यमंत्र्यांत कामराजांबरोबर बिजू पटनायक, चंद्रभानू गुप्ता, विनोदानंद झा, भगवंतराव मंडलोई आणि बक्षी गुलाम महंमद गेले. मोरारजींना हा आपला काटा काढण्याचा डाव वाटला, आणि तो समज त्यांनी कधी सोडला नाही. नेहरूंच्या मनात काय होते याची चर्चा दिल्लीने पुष्कळ केली. योजनेचा उघड हेतू पक्षकार्य हा होता आणि त्याचे काय झाले, याची चर्चा कमी झाली. शास्त्री जानेवारी १९६४ मध्येच, बिनखात्याचे मंत्री म्हणून, परत आले. पदे सोडलेल्यांपैकी कुणी जिल्ह्यात जाऊन पक्ष नव्याने बांधल्याचे उदाहरण शोधूनही सापडत नाही. स्वतः कामराजही विरुदुनगरला किंवा मदुराईला गेले नाहीत. ते अखिल भारतीय अध्यक्ष होऊन दिल्लीला गेले, आणि किल्ल्यातल्या खुर्चीवर भक्तवत्सलम बसले.

यावरचा पहिला आक्षेप मोलाचा आहे. कामराज दिल्लीला गेले नसते तर नेहरूंनंतरचे सत्तांतर इतके सुरळीत झाले असते का? मे १९६४ मध्ये नेहरू गेले. कामराजांनी खासदारांची आणि मुख्यमंत्र्यांची मने एकेकाला भेटून अजमावली आणि मतदान न होता शास्त्री नेते झाले. वीस महिन्यांनी ताश्कंदला शास्त्रींचे निधन झाले. तेव्हा मतदान झाले आणि इंदिरा गांधींनी मोरारजींचा ३५५ विरुद्ध १६९ असा पराभव केला. स्वतः पंतप्रधान होण्याची गळ कामराजांना घातली गेली होती. हिंदी नाही, इंग्रजीही धड नाही, मग कसे जमणार, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर सांगितले जाते. नव्याने स्वतंत्र झालेल्या अनेक देशांत संस्थापक नेता गेला की रणगाडे रस्त्यावर आले, भारतात ते झाले नाही, आणि त्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत कामराज आहेत. हे मान्य करायला हात आखडता घेऊ नये. पण हे सत्तांतर कशाच्या जोरावर झाले हेही पाहावे. जानेवारी १९६६ मध्ये पारडे फिरले ते मुख्यमंत्र्यांनी इंदिराजींच्या बाजूने उघडपणे उभे राहिल्यावर. आपापल्या राज्यातले खासदार ज्यांच्या शब्दात होते अशी ती माणसे होती, आणि शब्दात होते याचे कारण त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. कामराजांचे राजकर्तेपण ज्या बळावर चालले, ते बळ त्यांच्या योजनेने कवडीमोल ठरवलेल्या वस्तूतून आले होते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. मद्रासमध्ये काँग्रेस हरली ती हिंदीमुळे आणि तांदळामुळे. कामराज असते काय, नसते काय, फरक पडला नसता. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी राजभाषा होणार या तारखेने राज्य पेटले. विद्यार्थी रस्त्यावर आले, काहींनी स्वतःला जाळून घेतले, गोळीबार झाले, लष्कर बोलवावे लागले. सरकारी हिशेबानेही सुमारे ७० माणसे मेली. पाठोपाठ दुष्काळ आला, रेशनवर तांदूळ मिळेना, आणि रुपयाला तीन मापे तांदूळ देऊ हे द्रमुकचे आश्वासन घराघरांत पोचले. जानेवारी १९६७ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्यावर गोळी झाडली गेली आणि मानेला पट्टी बांधलेला त्यांचा फोटो भिंतीभिंतींवर लागला. यातले काहीही कामराजांच्या हातात नव्हते, हे मान्य. पण १९६५ च्या फेब्रुवारीत ते कुठे होते ते पाहा. भक्तवत्सलम दंडुक्याने आंदोलन मोडू पाहत होते. केंद्रातले तमिळ मंत्री सी. सुब्रमण्यम आणि अळगेशन यांनी राजीनामे दिले. कामराजांनी हिंदी लादू नये अशी भूमिका निजलिंगप्पा, संजीव रेड्डी, अतुल्य घोष यांच्याबरोबर घेतली खरी, पण ते राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष होते आणि उत्तरेकडच्या हिंदीवाद्यांनाही त्यांना सांभाळायचे होते. विद्यार्थ्यांना भेटण्याचा, पोलिसांना आवरण्याचा, शाळा-महाविद्यालये कधी उघडायची ते ठरवण्याचा अधिकार ज्या खुर्चीला होता, ती दुसऱ्याची होती. ते मुख्यमंत्री असते तर आग विझली असती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. १९५४ मध्ये मात्र याच माणसाने शिक्षणाच्या प्रश्नावर पेटलेले राज्य एका निर्णयाने शांत केले होते. तो निर्णय घ्यायला पक्षाध्यक्षपद पुरले नसते.

आकडेही इथे बोलके आहेत. १९६७ मध्ये काँग्रेसची मते सुमारे ४६ टक्क्यांवरून ४१ वर आली, म्हणजे पाचेक टक्क्यांची घट. द्रमुकलाही साधारण तेवढीच मते पडली. जागा मात्र द्रमुकला १३७ आणि काँग्रेसला २३४ पैकी ५१. विरुदुनगरात कामराज स्वतः पे. श्रीनिवासन या विद्यार्थी आंदोलनातून पुढे आलेल्या तरुणाकडून १,२८५ मतांनी पडले. श्रीपेरुंबुदूरला भक्तवत्सलमही पडले. तेव्हा हा सारा युतीच्या गणिताचा खेळ, संघटनेचा त्यात काय दोष, असे विचारता येईल. राजाजींचा स्वतंत्र पक्ष, मार्क्सवादी, मुस्लिम लीग हे सगळे द्रमुकभोवती जमले, मते फुटली नाहीत, काँग्रेस बुडाली. पण विरोधकांना एकत्र येऊ न देणे हेच तर सत्ताधारी नेत्याचे रोजचे काम असते, आणि १९६२ पर्यंत कामराज ते चोख करत आले होते. द्रमुकमधून फुटलेल्या ई. वि. के. संपत यांचा गट १९६४ मध्ये काँग्रेसमध्ये आला, म्हणजे ती वाट बंद झालेली नव्हती. मात्र कामराजांची बेरीज आता दिल्लीत खर्च होत होती. शास्त्रींच्या नावावर सगळ्या देशाचे एकमत घडवणाऱ्या माणसाच्या घरात त्याचे सगळे वैरी एकमेकांशी एकमत करून बसले, आणि त्यांची मोट बांधणारे होते कामराजांचे तीस वर्षांचे प्रतिस्पर्धी राजाजी.

मराठी वाचकाला इथे यशवंतराव आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तेही मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेले, आणि कामराजांच्या आधी वर्षभर, नोव्हेंबर १९६२ मध्ये. त्यांच्या जागी आलेले मारोतराव कन्नमवार वर्षभरात निवर्तले. म्हणजे महाराष्ट्रात तेरा महिन्यांत दोनदा मुख्यमंत्री बदलला. तरी १९६७ मध्ये, आठ राज्यांत काँग्रेस कोलमडत असताना, वसंतराव नाईकांच्या महाराष्ट्रात तिला २७० पैकी २०३ जागा मिळाल्या. संयुक्त महाराष्ट्र मिळाल्यावर भाषेचा प्रश्न विरोधकांच्या हातून निसटला होता, हे याचे एक मोठे कारण, आणि मद्रासला ती सोय नव्हती. पण कारण तेवढेच नाही. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या आणि प्रवरानगरनंतर सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. शेतकरी कामगार पक्षातले वजनदार लोक काँग्रेसमध्ये येत होते आणि त्यांना बसायला खुर्च्या होत्या, स्वतःच्या निधीच्या आणि स्वतःच्या नेमणुकांच्या. सचिवालयातला माणूस बदलला म्हणून कोल्हापूरचा किंवा अहमदनगरचा पुढारी पोरका होत नव्हता. मद्रासमध्येही १९५८ च्या कायद्याने पंचायत संघ आले होते, पण तिथला तालुक्याचा पुढारी वर पाहून चाले, आणि वर कामराज होते. यशवंतराव पदे मागे वाटून गेले. कामराजांनी पद सोडले, आणि ते सोडणे हेच पक्षकार्य समजले. (पुढे सहकाराच्या त्याच खुर्च्यांनी महाराष्ट्राचे काय केले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो फारसा गोड नाही.)

कामराज हरले त्याच निवडणुकीत मुंबईत स. का. पाटील जॉर्ज फर्नांडिसांकडून हरले, बंगालमध्ये अतुल्य घोष पडले. सिंडिकेट म्हणवल्या जाणाऱ्या काँग्रेसमधल्या बड्या नेत्यांच्या गटाचे तीन खांब एकदम कोसळले. जानेवारी १९६९ मध्ये नागरकोविलच्या पोटनिवडणुकीत कामराज सव्वा लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले, म्हणजे लोकांचा त्यांच्यावर राग नव्हता. पण वर्षअखेर काँग्रेस फुटली. ज्यांना त्यांनी पंतप्रधान केले त्याच इंदिराजींनी १९७१ मध्ये तमिळनाडूत द्रमुकशी समझोता केला आणि विधानसभेची एकही जागा न लढवता आपला पक्ष लोकसभेपुरता वाचवला. समोर कामराज आणि राजाजी एका बाजूला होते, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मनापासून, आणि उपयोग झाला नाही. संघटना काँग्रेसला विधानसभेत १५ जागा मिळाल्या. लोकसभेत तिच्यातर्फे तमिळनाडूतून एकटे कामराज गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी, आणीबाणीत, त्यागरायनगरच्या घरी ते वारले. मुख्यमंत्रिपद सोडल्याला त्या दिवशी बरोबर बारा वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले.

त्यांच्या पदाचा वारसा विरोधकांनी उचलला. १९८२ मध्ये रामचंद्रन यांनी दुपारच्या जेवणाची योजना कितीतरी पटीने वाढवली, आणि २०२२ मध्ये द्रमुक सरकारने शाळेत सकाळची न्याहारी सुरू केली. १५ जुलै हा शिक्षण विकास दिन म्हणून पाळण्याचा निर्णय २००६ मध्ये करुणानिधींच्या सरकारने घेतला, म्हणजे १९६२ च्या त्या पंधरांतून निसटलेल्या एकमेव आमदाराने. कामराजांच्या पक्षाने मात्र १९६३ च्या योजनेचे नाव कधी मतांसाठी वापरले नाही. तमिळनाडू काँग्रेसची घोषणा कायम एकच राहिली, कामराज राजवट पुन्हा आणू, आणि तिचा अर्थ प्रत्येक मतदाराला १९५४ ते १९६३ असाच कळतो. १९८९ मध्ये जी. के. मूपनार यांच्या नेतृत्वाखाली पक्ष याच घोषणेवर एकट्याने लढला, राजीव गांधी पुन्हा पुन्हा तमिळनाडूत प्रचाराला आले, आणि पक्षाला २६ जागा मिळाल्या. त्यानंतर द्रमुक किंवा अण्णाद्रमुक यांपैकी कुणाच्या आघाडीत किती जागा पदरात पडतील, ही सत्यमूर्ती भवनातली, म्हणजे राज्य काँग्रेसच्या मुख्यालयातली, निवडणुकीची मुख्य चर्चा होऊन बसली.